कालचे रॅपर थोर की आजचे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या, तेव्हापासूनच्या हिप-हॉपच्या वाटचालीविषयी गेल्या अंकात या सदरात लिहिले होते. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच वाद निरनिराळ्या शब्दांत मांडलेला आहे. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून त्यालाच सगळी जागा दिली आहे.

प्रश्न : कॉलेजात असताना मी मित्राच्या कॅसेटवर टुपाक, बिगी आणि नास हे १९९० च्या दशकातले रॅपर ऐकले आणि पुढे कायम तेच ऐकत आलो. माझा मुलगा आता अकरावीत आहे आणि त्याच्या मते आजच्या केंड्रिक लमारपुढे हे सगळे फिके आहेत. आजच्यांना त्या पिढीची सर नाही, असे मला वाटते. रोज जेवताना हा वाद होतो. आपण निकाल द्यावा. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : निकाल देतो, पण त्याआधी आपल्या बाजूतील एक उणीव दाखवणे भाग आहे. आपल्याला जे १९९० चे दशक आठवते, ते काळाने सुपात घालून पाखडलेले आहे. १९९० साली अमेरिकेत सर्वाधिक गाजलेला रॅप अल्बम एमसी हॅमरचा होता आणि तो तिथल्या यादीत २१ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. त्याच वर्षी बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या मुख्य गीतयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले पहिले रॅप गाणे व्हॅनिला आइसचे होते. त्याच्याच चालीवरून १९९२ मध्ये बाबा सहगल यांचे 'ठंडा ठंडा पानी' निघाले, आणि महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत रॅपचा पहिला परिचय तिथूनच झाला. आपल्या पत्रात मात्र यांपैकी कोणाचेही नाव नाही, कारण कोंडा केव्हाच उडून गेला आणि आपल्या हाती धान्य तेवढे उरले. चिरंजीवांच्या कानावर आजचे सगळे धान्य कोंड्यासकट येते. तेव्हा निवडलेल्या दहा नावांची तुलना न निवडलेल्या हजारांशी करणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

नासचा 'इलमॅटिक' हा अल्बम आज सर्वांनी डोक्यावर घेतलेला आहे. एप्रिल १९९४ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा नास अवघा वीस वर्षांचा होता. दहा तुकडे आणि चाळीस मिनिटांच्या आतला ऐवज असलेल्या या अल्बमला दहा लाख प्रतींच्या खपाचा प्लॅटिनम दर्जा मिळायला मात्र २००१ साल उजाडावे लागले. म्हणजे त्याची थोरवी ठरायलाही वेळ लागला, आणि आजच्या नव्या अल्बमांना तो वेळ अजून मिळालेलाच नाही.

आता कारागिरीविषयी. १९७९ च्या आसपासच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर यमक जवळपास नेहमी ओळीच्या शेवटी, चौथ्या ठोक्यावर पडते. बडबडगीतात पडते तसेच. १९८७ मध्ये एरिक बी. आणि रकिम या जोडीचा 'पेड इन फुल' हा अल्बम आला आणि हे घर मोडले. लहानपणी सॅक्सोफोन वाजवलेल्या आणि जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनच्या वादनावर प्रेम करणाऱ्या रकिमने यमक ओळीच्या पोटात नेले, तीन-तीन अक्षरांचे यमक जुळवले आणि वाक्य ओळीच्या टोकाला न थांबवता पुढच्या ओळीत वाहू दिले. आवाज मात्र त्याने कधी चढवला नाही. मोरोपंतांची आर्या वाचलेल्या माणसाला हा आनंद समजावून सांगावा लागत नाही. नास, बिगी, जे-झी, एमिनेम आणि केंड्रिक हे सगळे रकिमने बांधलेल्या वाड्यात राहतात, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून निकाल असा. केवळ सोळा ओळींचे एक कडवे, त्यातील शब्दांची वीण आणि नेमके चित्र पाहायचे असेल, तर १९९० च्या दशकातील पहिल्या फळीची सरासरी आजच्या पहिल्या फळीपेक्षा वरची आहे आणि तिथे आपण जिंकलात. संपूर्ण अल्बम एका कादंबरीसारखा बांधणे, एकाच गळ्यातून निरनिराळ्या पात्रांचे आवाज काढणे आणि स्वतःच्याच यशाची उलटतपासणी घेणे ही कसोटी लावली, तर केंड्रिकच्या पुढे मी त्या पिढीतील कोणालाही ठेवणार नाही. २०१८ मध्ये त्याला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याआधी ते शास्त्रीय संगीत आणि जॅझ यांच्या बाहेर कोणालाही मिळाले नव्हते. वामनाचा श्लोक, तुकोबांचा अभंग, ज्ञानेश्वरांची ओवी आणि मोरोपंतांची आर्या असे चौघांना एका पंक्तीत बसवणारे सुभाषित आपल्याकडे आहे. त्यात कोणाचा नंबर लावलेला नाही, तर ज्याचे जे छंदरूप त्याच्या नावावर केले आहे. घरातला वाद त्या रीतीने घालावा, अशी माझी मनापासून सूचना आहे.

प्रश्न : मी आठ वर्षे तबला शिकतो आहे. आजचे रॅपर सगळे एकाच चालीत तोंडातल्या तोंडात पुटपुटतात आणि शब्द कळत नाहीत. हा ऱ्हास नाही का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : तबला शिकणाऱ्याकडून हा प्रश्न आला, याचा मला आनंद झाला, कारण उत्तर आपल्याच हातात आहे. आपण ज्या चालीविषयी लिहिता, तिच्यात एका ठोक्यात 'तकधिमी' अशी चार अक्षरे न बसवता 'तकिट' अशी तीन बसवलेली असतात, म्हणजे ती तिस्र जातीची चाल आहे. अटलांटाजवळच्या मिगोस या त्रिकुटाने २०१३ नंतर तिचा इतका प्रसार केला की तिला त्यांचेच नाव पडले. परंतु मेम्फिसचे थ्री सिक्स माफिया आणि क्लीव्हलंडचे बोन थग्ज-एन-हार्मनी १९९० च्या दशकातच तिस्र जातीत रॅप करत होते. तेव्हा जी चाल आपण नव्या पिढीचा दोष म्हणून दाखवता, ती आपल्या वाचकमित्रांच्या लाडक्या दशकातलीच आहे.

पुटपुटण्याविषयी माझे मत दोन्हीकडे झुकते. ट्रॅप या रॅपच्या प्रकारात रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या ठेकायंत्राचा लांबत जाणारा खर्ज पायाशी असतो (यंत्र १९८० चे, तीन वर्षांत बंदही पडले, आणि त्याचा नाद अजून चालू आहे), वर बारीक झांजेचे तोडे असतात आणि मधल्या मोकळ्या जागेत आवाज वाद्यासारखा वापरला जातो. तराण्यातील अक्षरांना अर्थ नसतो म्हणून आपण तराण्याला ऱ्हास म्हणत नाही. यंग थगसारखा कलावंत स्वर किंचाळत, कुजबुजत, मोडत जातो, तेव्हा त्यामागे खरी तयारी ऐकू येते. परंतु त्याची नक्कल करणाऱ्या कित्येकांकडे ना शब्द आहेत ना तयारी, आणि त्यांच्याविषयीची आपली तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे.

प्रश्न : जुन्या गाण्यांच्या ठेक्यात जी ऊब आहे, ती आज का सापडत नाही? (एक वाचक, सांगली)

उत्तर : त्या उबेची दोन कारणे आहेत, एक यंत्राचे आणि एक कायद्याचे. १९८७ मध्ये एसपी-१२०० नावाचे यंत्र बाजारात आले. त्यात जुन्या तबकडीवरचा तुकडा साठवता येत असे, पण एकूण साठवण सुमारे दहा सेकंदांची होती. एवढ्यात अख्खे गाणे कसे उभे करायचे? मग संगीतकार मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी मुद्दाम ४५ च्या वेगाने फिरवत, तो घाईने पळणारा तुकडा यंत्रात भरत आणि आत गेल्यावर पुन्हा सावकाश करून मूळ सुरावर आणत. त्यामुळे दहा सेकंदांत तेरा-साडेतेरा सेकंदांचा माल मावे, आणि या ओढाताणीत नादाची धार बोथट होऊन त्याला एक खरखरीत, धुरकट पोत येई. आपण ज्याला ऊब म्हणता, ती पुष्कळशी या काटकसरीतून आलेली आहे.

दुसरे कारण १९९१ चे. रॅपर बिझ मार्कीने गिल्बर्ट ओ'सुलिव्हन यांच्या गाण्याचा तुकडा परवानगीवाचून वापरला, प्रकरण न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले आणि न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच 'चोरी करू नकोस' या धर्माज्ञेने केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी आणि पैसे हा नियम झाला. पब्लिक एनिमी या रॅप गटाने १९८८ मध्ये डझनावारी तुकड्यांची जी गोधडी शिवली होती, तशी शिवणे नवख्या मुलाच्या खिशाला परवडेनासे झाले. आजच्या संगीतकाराला जुना ठेका आवडत नाही असे नाही, त्याला तो विकत घेता येत नाही. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

प्रश्न : आता गाणी दोन मिनिटांत संपतात आणि अल्बममध्ये मात्र पंचवीस-पंचवीस गाणी असतात. हे काय गौडबंगाल आहे? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : हिशेब साधा आहे. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद वाजले की ते एकदा ऐकले गेले असे धरतात, मग ते दोन मिनिटांचे असो वा सहा. शिवाय डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्डच्या अल्बमयादीत ऑनलाइन ऐकण्याचीही मोजदाद होऊ लागली, त्यामुळे गाणी जितकी जास्त तितकी बेरीज मोठी. रॅपर ड्रेकच्या २०१८ च्या 'स्कॉर्पियन' या अल्बममध्ये पंचवीस गाणी होती, आणि त्यातली निम्मी काढली असती तर तो चांगला अल्बम झाला असता, असे मला वाटते. मात्र टुपाकचा १९९६ चा दुहेरी अल्बम सत्तावीस गाण्यांचा होता, हेही विसरू नये. लांबण लावण्याचा मोह तेव्हाही होता. उलट केंड्रिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या अल्बममध्ये बाराच गाणी आहेत.

प्रश्न : या वादात नेहमी पुरुषांचीच नावे का येतात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली तक्रार या सदरालाही लागू आहे आणि ती मी स्वीकारतो. एमसी लाइट आणि क्वीन लतिफा यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ज्या आत्मविश्वासाने स्वतःची जागा घेतली, तो आजही ऐकताना जाणवतो. लॉरिन हिलने १९९८ च्या अल्बममध्ये गाणे आणि रॅप एकाच श्वासात सांभाळले आणि पुढच्या वर्षी ग्रॅमीचा वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा मान मिळवला. तरीही सर्वोत्तम रॅप अल्बमचे ग्रॅमी १९९६ पासून दिले जात असताना २०२५ पर्यंत ते फक्त तीन स्त्रियांपर्यंत पोहोचले : फ्युजीस या गटातून हिल, मग कार्डी बी आणि आता डोची. संधीच्या बाबतीत आजचा काळ निःसंशय पुढे आहे. रॅप्सडी, लिटल सिम्झ आणि डोची एकाच वेळी आणि इतक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहीत आहेत, असे चित्र १९९४ मध्ये नव्हते.

प्रश्न : केंड्रिक-ड्रेक यांच्यातील, गाण्यांतून एकमेकांवर वार करण्याची झुंज ही आजवरची सर्वांत मोठी मानावी का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : पसाऱ्याने मोठी, होय. २००१ मध्ये जे-झीने सप्टेंबरात नासला गाण्यातून डिवचले आणि नासच्या अल्बममधले उत्तर डिसेंबरात दुकानात आले; २०२४ मध्ये सवालाला जवाब काही तासांत मिळत होता. परंतु कलगी-तुऱ्याच्या फडाची जाण असलेल्या वाचकांनी डिसेंबर १९८१ च्या एका रात्रीकडे अवश्य पाहावे. हार्लेममधील एका क्लबात बिझी बी नावाचा रॅपर प्रेक्षकांना हसवत, आरोळ्या द्यायला लावत मैफल जिंकत असे. त्या रात्री कूल मो डी मंचावर चढला आणि त्याने रचलेल्या कडव्यांनी बिझी बीचे वाभाडे काढले. त्या रात्रीची कॅसेट हातोहात पसरली, आणि गर्दी खूश करणारा मोठा की लिहिणारा मोठा, हा आपला आजचा वाद तिथे उघडपणे उभा राहिला.

प्रश्न : दोनच अल्बम ऐकून दोन्ही काळ समजून घ्यायचे असतील तर कोणते ऐकावेत? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : पहिला 'पेड इन फुल'. त्यातील कोणतेही एक गाणे निवडा, बोटांवर चार ठोके मोजत राहा आणि यमक कोणत्या बोटावर पडते ते पाहा. दोन-तीन वेळा ऐकल्यावर ते ठरलेल्या बोटावर पडत नाही, हे कळेल. दुसरा केंड्रिकचा २०१५ चा 'टू पिंप अ बटरफ्लाय'. त्यात जॅझ वादकांची अख्खी फौज आहे, त्यामुळे पहिल्या खेपेस शब्दांच्या मागे लागू नये. अल्बमभर एक कविता थोडी-थोडी वाढत जाते. केंड्रिक लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्पटनचा. टुपाक आणि रॅपर-संगीतकार डॉ. ड्रे तिथे एका गाण्याचे चित्रीकरण करत होते, तेव्हा आठ वर्षांच्या केंड्रिकने वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांना पाहिले होते. दुसऱ्याच वर्षी, १९९६ मध्ये, टुपाकचा खून झाला. अल्बमच्या शेवटी ती कविता पूर्ण होते आणि केंड्रिक ती टुपाकलाच वाचून दाखवतो. टुपाकच्या १९९४ मधील एका मुलाखतीचे ध्वनिमुद्रण घेऊन दोघांचे संभाषण जुळवलेले आहे. केंड्रिक प्रश्न विचारतो, टुपाक उत्तरे देतो. अखेर केंड्रिक आणखी एक गोष्ट सांगतो, त्यावर टुपाकचे मत विचारतो, त्याला नावाने हाक मारतो, आणि पलीकडून काहीच येत नाही.