‘कॅरल ऑफ द बेल्स’ हे मूळचं युक्रेनियन लोकगीत आहे, हे खरं का? अशी आणखी कोणती अमेरिकन गाणी आहेत?

नाताळात गातात त्या या गाण्याबद्दल हे खरं आहे. पण नुसतं ‘लोकगीत’ म्हणून मोकळे होऊ नका, माझं भांडण तिथूनच सुरू झालं.

न्यू जर्सीत असताना मी एका हौशी गायकवृंदात गायचे. डिसेंबरच्या कार्यक्रमाच्या पत्रिका छापून आल्या, तर या गाण्यापुढे ‘पारंपरिक’! गायकवृंद चालवणाऱ्या बाईंना म्हटलं, अहो, ही युक्रेनियन संगीतकार मिकोला लेओन्तोविच यांची रचना. त्या म्हणाल्या, चाल लोकांचीच ना, मग नाव कशाला?

लोकांची चाल म्हणजे चार सुरांचा तुकडा, फिरून फिरून तोच. त्यावर सगळ्या आवाजांची वीण घातली या माणसाने, वर्षानुवर्षं खपून. 1916 मध्ये कीव्हच्या विद्यापीठातल्या गायकवृंदाने ती गायली. 1921 च्या जानेवारीत चेकाच्या, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या, हस्तकाने लेओन्तोविचना वडिलांच्या घरी गोळी घातली. वय 43. पुढच्या वर्षी युक्रेनियन संचालक कोशित्स यांच्या गायकवृंदाने हे गाणं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये नेलं. घंटा आल्या त्या 1936 मध्ये, पीटर विल्हाउस्कींच्या इंग्रजी शब्दांबरोबर. मुळात घंटा नाहीत, नाताळही नाही. पाकोळी घरात येते नि धन्याला सांगते, जा, मेंढ्या व्याल्यात, बघ. जुन्या कालगणनेच्या वर्षअखेरीला, 13 जानेवारीच्या रात्री, दारोदार जाऊन म्हणायचं. मला तर वासुदेवच आठवला.

बाई ऐकेनात. मग मी ऐंशी पत्रिका घरी आणून निळ्या पेनाने नाव लिहीत बसले. पहिल्या तीसेकांवर स्पेलिंग चुकलं, त्या तशाच गेल्या. नवरा म्हणे, पत्रिका वाचतो कोण? बाईंनी वाचली. जानेवारीत मला तालमीचा निरोप आला नाही.

बाकीची गाणी? 1940 मध्ये डायना शोरने गाजवलेलं ‘यस, माय डार्लिंग डॉटर’ हे ‘ओय ने खोदी, ह्रित्स्यू’ या युक्रेनियन गीतावरून. पीट सीगरच्या ‘व्हेअर हॅव ऑल द फ्लॉवर्स गॉन’चे फक्त शब्द कोसॅक गीतावरून सुचलेले, चाल नव्हे. अमेरिकन संगीतकार गर्शविनचं ‘समरटाइम’ युक्रेनियन अंगाईवरून उचललं, असं छातीठोक सांगणारे भेटतील. नुसतं साम्य म्हणजे पुरावा नव्हे. मी मानत नाही.

विल्हाउस्कींवर राग नाही हं, त्यांच्यामुळेच गाणं घराघरांत गेलं. बाईसुद्धा सुराला पक्क्या होत्या.

तुम्ही कुठे गात असाल, तर पत्रिका छापायला जायच्या आधी बघून घ्या. मी नंतर बोलले.