बाटली आडवी करायचीय? आधी मतदार यादी काढा

ताई, गावातलं दारूचं दुकान बंद करायला २५ टक्के बायकांच्या सह्या झाल्या, आता दुकान बंद झाल्यातच जमा, असं तुम्ही लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. आमच्या गावातही असाच गुलाल आधी उधळला होता.

सह्यांनी दुकान बंद होत नाही, बायकांचं मतदान लागतं; मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. अर्ज, सह्यांची पडताळणी वगैरे तुम्हाला माहीत असणारच. खरी गोम पुढे आहे. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात ती आलेल्या बायकांच्या नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त. समजा यादीत ९०० नावं आहेत, ६०० जणी आल्या, त्यातल्या ४४० जणींनी आडवी केली, तरी दुकान चालूच, कारण ४५१ पाहिजेत. म्हणजे वारलेली आजी, लग्न होऊन गेलेली पोरगी, पुण्याला कामाला गेलेली सून, सगळ्या घरबसल्या दुकानदाराच्या बाजूने. आमच्याकडे नेमकं हेच झालं. आलेल्या बहुतेक जणींनी आडवीच केली आणि तरी पडलो!

आणि ते ऑफिस, नाव घेत नाही. मतदानाची नोटीस स्वतःच्याच फळ्यावर डकवली, झालं काम. दवंडी नाही, घंटागाडीवर भोंगा नाही, मतपत्रिकेचा नमुना मागितला तर 'त्या दिवशी बघालच की'. बघितलं मग. दोन-तीन म्हाताऱ्या उभ्या बाटलीवर शिक्का मारून बाहेर आल्या, का तर म्हणे 'तिलाच तर बंद करायचंय!' त्यांना काय बोलणार? वर दिवस कापूस वेचणीतला, रोज बुडवून कोण येणार. दुकानदाराने मात्र घरोघर माणसं फिरवली, माहिती द्यायचं काम त्यानेच केलं म्हणा, त्याच्या पद्धतीने.

म्हणून माझं मत, सह्यांच्या आधी यादी घेऊन गल्लीगल्ली फिरा. मयत आणि कायमच्या बाहेर गेलेल्यांसाठी बीएलओकडे (मतदार यादीचं काम बघणारा बूथचा अधिकारी) नाव वगळायचा फॉर्म ७ भरा, पण नीट पुरावा असेल तरच, उगाच कुणाचं नाव उडवू नका. कोणत्या तारखेची यादी धरणार ते लेखी विचारा आणि पोच घ्या, तोंडी उत्तराला काडीची किंमत नाही. दोन्ही बाटल्या मोठ्या कागदावर काढून बचत गटाच्या मीटिंगमध्ये दाखवा, आडवी म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू, शिक्का आडवीवर.

मी वकील नाही, नियम बदलतात, सध्याचा आदेश उत्पादन शुल्ककडून मागून घ्या. आणि हो, हे मतदान फक्त लायसनवाल्या दुकानापुरतं. हातभट्टीसाठी थेट पोलिसात तक्रार करा, त्याला कसलं आलंय मतदान.