लुइझियानाच्या ‘पॅरिश’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे की, अमेरिकेतील लुइझियाना राज्याची माहिती मराठीत लिहिताना तेथील ‘पॅरिश’ (राज्याचे मुलकी विभाग) या शब्दासाठी ‘धर्मग्राम’ लिहावे की ‘जिल्हा’.

‘धर्मग्राम’ हा वसईच्या ख्रिस्ती समाजात रुळलेला सुंदर शब्द आहे. परंतु त्याचा अर्थ एका चर्चच्या आणि तेथील धर्मगुरूच्या कक्षेतील वस्ती असा होतो, आणि लुइझियानातील ६४ पॅरिशांचा आज चर्चशी कारभाराचा काहीही संबंध नाही. संबंध आहे तो उगमाचा. फ्रेंच आणि पुढे स्पॅनिश अमलात हा प्रदेश कॅथलिक होता आणि वस्त्यांची ओळख चर्चच्या हद्दींवरून ठरत असे. १८०३मध्ये अमेरिकेने तो विकत घेतल्यावर १८०५मध्ये तेथे १२ काउंट्या (बहुतेक अमेरिकी राज्यांत असतात तसे मुलकी विभाग) आखल्या गेल्या, पण १८०७मध्ये प्रादेशिक विधिमंडळाने बहुतांशी त्या जुन्या हद्दींच्या आधारे १९ पॅरिश निर्माण केले. काही काळ दोन्ही नावे शेजारी शेजारी नांदली; १८४५नंतर पॅरिशच उरले. असेन्शन, सेंट जॉन द बॅप्टिस्ट यांसारखी नावे तो इतिहास अजून सांगतात.

गोव्यातील वाचकांना यात ओळखीचे काही सापडेल. कोकणीतील ‘फिरगज’ ज्या पोर्तुगीज शब्दावरून आला, तो ‘फ्रेगेझिया’ पोर्तुगालमध्ये चर्चची वस्ती आणि सर्वांत लहान मुलकी विभाग या दोन्ही अर्थांनी वापरला जातो.

‘जिल्हा’ हा शब्द उतरंडीतील स्थानापुरता बरोबर आहे, कारण राज्याच्या लगेच खाली पॅरिशच येतो. मात्र त्या शब्दासोबत आपल्या मनात सरकारने नेमलेला जिल्हाधिकारी उभा राहतो, आणि तिथे तर शेरीफपासून (तेथील पोलिसप्रमुख) कर-आकारणी अधिकाऱ्यापर्यंत अनेक पदे मतदार भरतात. शिवाय राज्याची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेनुसार सुमारे ४६ लाख ५८ हजार असल्याने एका पॅरिशच्या वाट्याला सरासरी सुमारे त्र्याहत्तर हजार माणसे येतात. आपले कितीतरी तालुके याहून मोठे आहेत.

म्हणून मी ‘पॅरिश’ हाच शब्द ठेवीन आणि पहिल्या उल्लेखात ‘जिल्ह्याच्या जागी असलेला मुलकी विभाग’ असा खुलासा जोडीन. अनेक पॅरिशांचा कारभार पाहणाऱ्या निर्वाचित मंडळाला ‘पोलिस ज्युरी’ म्हणतात, तिथे अधिक जपावे लागेल. त्यातील ‘पोलिस’ जुन्या, मुलकी व्यवस्थेच्या अर्थाचा आहे आणि ‘ज्युरी’ न्यायालयातील नव्हे. तेव्हा ‘पॅरिशचे कारभारी मंडळ’ असेच लिहावे.