अमेरिकेहून आलेली जुनी व्हिडिओ कॅसेट आपल्याकडच्या व्हीसीआरवर नीट दिसत नाही. ती खराब झाली असेल का?

नाही, कॅसेट खराब झाली आहे असं मला वाटत नाही. तुम्ही लिहिलंय की आत्यांनी १९९१ मध्ये न्यू जर्सीहून पाठवलेल्या तीन व्हीएचएस कॅसेट आहेत, लावल्या की चित्र काळंपांढरं होऊन वरखाली पळतं आणि आजीचा आवाज ओळखूच येत नाही. टेप खराब झाली की पांढरे फटकारे येतात, चित्र तुटतं, मध्येच निळा पडदा येतो. तुमच्याकडचं दुखणं निराळं आहे. टेप अमेरिकेच्या एनटीएससी या टीव्ही-पद्धतीने भरलेली आहे आणि तुमचा व्हीसीआर आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीचा आहे. म्हणून आधी एक विनंती करतो, ती कॅसेट त्या मशीनमध्ये पुन्हा पुन्हा घालू नका. दर वेळी टेप झिजते आणि हाती काही लागत नाही.

हे मी घरच्या अनुभवावरून सांगतोय. १९८९ च्या हिवाळ्यात माझे आजोबा शिकागोला काकांकडे राहून आले. काकांनी त्यांचं तिथलं राहणं दोन कॅसेटवर टिपलं होतं. आमच्या सांगलीच्या घरी व्हीसीआर नव्हता, म्हणून भाड्याने आणला. शेजारपाजारचे जमले. पडद्यावर करड्या पट्ट्या वर सरकत राहिल्या, त्यांच्यामागे मफलर गुंडाळलेली एक आकृती, आणि आवाज इतका जड, लांबलेला की आजी म्हणाली, "हे नव्हेत ते." आजोबा तिच्या शेजारीच बसले होते.

असं का होतं? अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची, आणि टीव्हीची मांडणी त्यावरूनच ठरली. एनटीएससीत चित्राला ५२५ रेषा आणि सेकंदाला जवळजवळ ६० फील्ड, म्हणजे अर्धी अर्धी चित्रं. पालमध्ये ६२५ रेषा आणि ५० फील्ड. १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी, आपल्याकडे रंगीत टीव्ही आला तो पालचाच. दोन्हींत रंग भरायची रीत वेगळी, म्हणून रंग जातो. टेपचा वेगही वेगळा आहे. नेहमीच्या एसपी वेगात अमेरिकन टेप सेकंदाला ३३.३५ मिलिमीटर सरकते, आपली २३.३९. तुमच्या आजीचा आवाज त्यामुळेच ओळखू येत नाही. डबा मात्र दोन्हीकडे हुबेहूब एकच, आणि फसगत होते ती तिथेच. कॅसेटवरच्या 'टी-१२०' वरून फक्त टेपची लांबी कळते. आत काय भरलंय ते भरणाऱ्या मशीनवर ठरतं.

(आखातातून आलेल्या कॅसेट आपल्याकडे सहसा चालायच्या, कारण दुबई, मस्कत, कुवेत इथे पालच होतं. मॉरिशसच्या मराठी नातेवाइकांकडून आलेली सेकाम या तिसऱ्या टीव्ही-पद्धतीची कॅसेट असेल तर चित्र स्थिर दिसतं, फक्त रंग येत नाही.)

आता काय करायचं ते. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे उजेडात तिरकं बघा. पांढरी भुकटी किंवा जाळीसारखे डाग दिसले तर ती बुरशी आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती हमखास धरते. अशी कॅसेट कुठल्याच मशीनमध्ये घालू नका, आधी साफ करणारा माणूस शोधा. नाहीतर बुरशी मशीनच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. गुंडाळी स्वच्छ असेल तर कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या.

मशीन अमेरिकेतलंच मिळवा. आत्यांना विचारा, जुना व्हीसीआर त्यांच्या घरात पडून असण्याची शक्यता बरीच आहे. कॅसेट बहुधा त्याच मशीनवर भरली असेल तर फारच उत्तम. तिकडे सहा सहा तास मावावेत म्हणून लोक ईपी या संथ वेगात भरायचे, आणि असं रेकॉर्डिंग ज्या मशीनवर झालं त्यावरच सर्वांत नीट उमटतं. तो व्हीसीआर इकडे आणलात तर थेट भिंतीतल्या प्लगला लावू नका, जळेल. २३० चे ११० व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. व्हीसीआरला वीज फार लागत नाही, १०० वॉटचा पुरतो. ट्रान्सफॉर्मरने हर्ट्झ बदलत नाहीत, पण त्याने अडत नाही.

दुसरी वाट मल्टिसिस्टिम, म्हणजे एकाहून जास्त पद्धतींच्या टेप चालवणाऱ्या व्हीसीआरची. नवे आता बनत नाहीत, जुनाच शोधावा लागेल. मी स्वतः इथे महिनाभर अडकलो होतो, म्हणून नीट सांगतो. बऱ्याच मशीनवर 'एनटीएससी प्लेबॅक ऑन पाल टीव्ही' असं छापलेलं असतं. त्यातून निघणारा सिग्नल अर्धा तिकडचा, अर्धा इकडचा असतो. रेषा ५२५, फील्ड ६०, पण रंग पालचा. त्याला पाल ६० म्हणतात. टीव्हीवर झकास दिसतं, मात्र टेपची फाईल करायला कॉम्प्युटरला जी कॅप्चर डबी जोडतात, तिला ते बहुधा उमगत नाही आणि पुन्हा काळंपांढरं! मशीनच्या मागे किंवा मेनूत 'एनटीएससी ३.५८' (म्हणजे रंगही एनटीएससीचाच) असा पर्याय आहे का ते घेण्याआधी बघा. तो असेल तरच घ्या.

कॅप्चर करताना सॉफ्टवेअरमध्ये पाल आधीपासून निवडलेलं असेल तर ते बदलून एनटीएससी करा. आकार ७२० बाय ४८० पिक्सेल, फ्रेम (दोन फील्ड मिळून एक पूर्ण चित्र) सेकंदाला २९.९७. ते पालच्या २५ वर आणू नका. आजचे टीव्ही, फोन, कॉम्प्युटर ६० फील्डचं चित्र सहज दाखवतात, त्यामुळे 'पालमध्ये कन्व्हर्ट करून देतो' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. त्या कन्व्हर्जनची आज गरजच उरलेली नाही.

कन्व्हर्जनमध्ये काय जातं ते आमच्या घरात बघायला मिळतं. १९९० मध्ये वडिलांनी एका लॅबमधून पहिली कॅसेट पालमध्ये करून आणली. दुसरीचे पैसे परवडले नाहीत, ती माळ्यावर गेली. पहिलीत आजोबा अंगणातला बर्फ फावड्याने ओढतात तेव्हा फावडं दोन दोन दिसतं, हाताला सावलीसारखी कड येते, चेहरा वळताना पुसला जातो. चोवीस वर्षांनी दुसरी कॅसेट काकांच्या जुन्या व्हीसीआरवर लावली. तोच बर्फ, तोच मफलर, पण हात सलग फिरतो, तोंडातून निघणारी वाफसुद्धा दिसते, आणि आवाज त्यांचा आहे. आई उठून टीव्हीच्या जवळ जाऊन बसली.

आणखी एक. फाईल झाली, दोन ठिकाणी ठेवली, तरी मूळ कॅसेट पुसू नका, टाकू नका. आमच्या पहिल्या कॅसेटची पाल कॉपी झाली म्हणून मूळ कॅसेट मोकळीच समजली गेली आणि १९९३ मध्ये तिच्यावर भावाची मुंज भरली. मी ती हल्ली अमेरिकन व्हीसीआरवर लावून बघितली. मुंजीचं रेकॉर्डिंग पालचं, त्यामुळे आता तेच वरखाली पळतं. ते संपल्यावर थोड्या मुंग्या येतात आणि मग अकरा सेकंद स्वच्छ, रंगीत आजोबा दिसतात. फावडं भिंतीला टेकवून दाराकडे वळलेले.