आय५-४४६०च्या जुन्या मशीनला कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एका जागी मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मशीन साधारण दहा वर्षांपूर्वीचं: आय५-४४६०, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा पॉवर सप्लाय आणि २ जीबीचं जीटीएक्स ७५० टीआय. मॉनिटर १०८०पी, मागे व्हीजीए आणि डीव्हीआय. गेम लावला की पडद्यावर रंगीत चौकडे उमटतात आणि मशीन अडकतं. मुलगी व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळते, तुम्ही ढोल-ताशा पथकाचे मोबाइलवर घेतलेले ४के व्हिडिओ एडिट करता. बजेट पंचवीस हजार. पुण्यात टिळक रोडवरच्या एका दुकानात आरटीएक्स ४०६० सुचवलं, आणि मित्र म्हणतोय सेकंडहँड आरएक्स ५८० घे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नवं आरटीएक्स ३०५० घ्या, पण ६ जीबीचं आणि वेगळी पॉवर केबल न लागणारं. उरलेल्या पैशात ब्रँडेड पॉवर सप्लाय आणि वापरलेली डीडीआर३ रॅम. कार्ड निवडताना आपण बेंचमार्कचे तक्ते बघत बसतो, पण जुन्या मशीनमध्ये निर्णय कार्डाच्या हातात नसतो. सप्लाय, बोर्डवरचा स्लॉट, मॉनिटरची केबल आणि कॅबिनेट हे चौघं मिळून काय चालेल ते ठरवतात.

खरेदीला निघण्याआधी कार्डच गेलंय याची खात्री करून घ्या. तुमच्या प्रोसेसरमध्ये एचडी ४६०० ग्राफिक्स आहे. कार्ड काढा, मॉनिटरची केबल बोर्डच्या मागच्या पोर्टला लावा आणि एक-दोन दिवस मशीन नेहमीसारखं वापरा, व्हॅलोरंटही सगळ्यात कमी सेटिंगवर चालवून बघा. चौकडे गेले आणि मशीन अडकलं नाही, तर दोष बहुधा कार्डात. तरीही अडकत असेल तर संशय सप्लायवर किंवा रॅमवर, मग नवं कार्ड टाकून काहीच साधणार नाही. ज्या वर्णनाचे चौकडे तुम्ही लिहिलेत ते बहुतेक वेळा कार्डाच्या मेमरी चिपचं किंवा चिपखालच्या सोल्डरचं दुखणं असतं. पंखा साफ करून पेस्ट बदलून बघायला हरकत नाही, खर्च किरकोळ आहे. पण हीट गन मारून ‘रिपेअर’ करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ते फार काळ टिकत नाही.

आता पॉवर सप्लाय. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. कॅबिनेटसोबत आलेल्या सप्लायवर ‘४५०’ मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, पण त्या आकड्याला काही अर्थ नसतो. कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडा आणि सप्लायच्या अंगावरचं स्टिकर वाचा. त्यात +३.३, +५, +१२ असे रकाने असतात आणि खाली अँपिअर. तुम्हाला फक्त +१२ व्होल्टचा रकाना हवाय, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तिथूनच जेवतात. तो आकडा १२ ने गुणा. समजा १४ अँपिअर लिहिलंय, तर १६८ वॉट. तुमचा प्रोसेसर ८४ वॉटचा, ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॉटचं. तिथेच १५४ झाले. वर हार्ड डिस्क, पंखे, बोर्ड. म्हणजे अगदी काठावर, आणि तेही दहा वर्षं तापलेल्या कपॅसिटरवर. तेच स्टिकरवर २५ अँपिअर असेल तर ३०० वॉट हातात आहेत आणि या कार्डाला ते पुरतात. माझा अंदाज, तुमच्याकडे पहिला प्रकार निघेल. तसं असेल तर ४५० ते ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याच्या) प्रमाणपत्राचा, कार्डासाठी ६+२ पिनची केबल असलेला सप्लाय घ्या. हा पैसा वाया जात नाही, पुढच्या मशीनलाही तोच सप्लाय चालेल.

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याच्या वर ६ पिनची केबल आणखी ७५ आणि ८ पिनची १५० वॉट देते. जुन्या सप्लायला ही केबल नसली की दुकानदार एक कन्व्हर्टर काढून देतात, ज्याचं दुसरं टोक साटा पॉवरला लागतं. ते घेऊ नका. साटाच्या कनेक्टरची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॉट आहे आणि त्यातून ७५ ओढले की प्लास्टिक वितळतं. मी असे काळे पडलेले कनेक्टर पाहिलेत, एकात वायरीचं इन्सुलेशन सोलून तांबं उघडं पडलेलं होतं.

दुसरा मुद्दा स्लॉटचा, आणि हा दुकानात कोणी सांगत नाही. एच८१ हा इंटेलचा त्या पिढीतला सगळ्यात स्वस्त चिपसेट. त्याच पिढीच्या बी८५ किंवा झेड८७ बोर्डवर ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० या जास्त वेगाच्या आवृत्तीवर चालतो, एच८१ वर मात्र २.० वरच अडवलेला आहे. २.० मध्ये एका लेनमधून, म्हणजे डेटा जाण्याच्या एका वाटेतून, सेकंदाला ५०० एमबी जातात. १६ लेनचं कार्ड असेल तर ८ जीबी, ८ लेनचं असेल तर ४ जीबी, आणि ४ लेनचं असेल तर जेमतेम २ जीबी. पूर्वी ही चिंता नव्हती, कारण तुमच्या ७५० टीआयसारखी स्वस्त कार्डंही पूर्ण १६ लेनची असत. आता कंपन्या स्वस्त कार्डात लेन कमी ठेवतात, कारण नव्या बोर्डांवर ४.० असल्याने तिथे फरक जाणवत नाही. स्लॉटमध्ये कार्ड पूर्ण लांबीचं बसतं, बाहेरून काही कळत नाही.

याचा फटका कधी बसतो? कार्डाची स्वतःची मेमरी भरली की उरलेला माल मशीनच्या रॅममध्ये ठेवला जातो आणि प्रत्येक फ्रेमला त्याच रस्त्याने ये-जा सुरू होते. रस्ता अरुंद असेल तर गेम अडखळतो. सरासरी फ्रेम चांगल्या दिसतात, पण मध्येच झटके बसतात. म्हणून ४ जीबी मेमरी आणि ४ लेन ही जोडी तुमच्या बोर्डसाठी सगळ्यात वाईट. आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी दोन्ही नेमकी तशीच आहेत. ६४०० तर ५३ वॉटचं, केबल न लागणारं, त्यामुळे जुन्या मशीनला लगेच सुचवलं जातं. तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका. शिवाय त्या दोन्ही कार्डांत व्हिडिओ एन्कोडरच नाही, म्हणजे एडिट झालेला व्हिडिओ एक्सपोर्ट करताना सगळा भार प्रोसेसरवर. तुमच्या कामाला ते अजिबात सोयीचं नाही.

३०५० चं ६ जीबी मॉडेल ८ लेनचं आहे, म्हणजे तुमच्याकडे ४ जीबी प्रतिसेकंद. आदर्श नाही, पण ६ जीबी मेमरी १०८०पी वर या दोन गेमना सहज पुरते, त्यामुळे त्या रस्त्यावर गर्दी होणार नाही.

व्हिडिओचं बघू. हल्लीचे मोबाइल ४के बहुधा एचईव्हीसीमध्ये, म्हणजे एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतात. तुमच्या जुन्या कार्डात त्याचा पूर्ण हार्डवेअर डिकोडर (असा व्हिडिओ उलगडून दाखवणारा भाग) नाही आणि प्रोसेसरच्या एचडी ४६०० मध्येही नाही. टाइमलाइनवर क्लिप ओढली की चार कोअर शंभर टक्क्यांवर जातात आणि चित्र थबकत थबकत चालतं, ते यामुळे. विसर्जन मिरवणुकीच्या क्लिपमध्ये तर गुलाल उधळलेला, झेंडे नाचतायत, दिवे लुकलुकतायत. फ्रेममधला प्रत्येक कोपरा हलत असतो, मग डिकोडरला उसंतच नसते. ३०५० मध्ये एचईव्हीसीचं डिकोडिंग आणि एन्कोडिंग दोन्ही आहे, एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचं डिकोडिंगही आहे. फक्त तुमचं एडिटिंग सॉफ्टवेअर हार्डवेअर डिकोडिंग वापरतं का ते सेटिंगमध्ये बघा. काही सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत ते बंद ठेवलेलं असतं. तसं असेल तर क्लिपच्या प्रॉक्सी, म्हणजे हलक्या छोट्या प्रती, बनवून काम करा.

आता दुकानाने सुचवलेलं ४०६०. कार्ड उत्तम, ११५ वॉटचं, बहुतेक मॉडेलना ८ पिनची केबल लागते. पण तुमचा चार कोअर, चार थ्रेडचा प्रोसेसर त्याला पुरेसं काम देऊ शकणार नाही, आणि तेही ८ लेनचंच आहे. व्हॅलोरंट तर जवळजवळ प्रोसेसरवरच चालणारा गेम. वर्षभरात अख्खं मशीन बदलायचं नक्की असेल तरच तो विचार करा, नाहीतर बजेट कार्डातच संपेल आणि सप्लाय जुनाच राहील.

आरएक्स ५८० चं मात्र मी स्पष्ट नको म्हणेन. २०१७ चं कार्ड, १८५ वॉट, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं रात्रंदिवस राबवून चलन मिळवणं) बंद झाल्यावर बाजारात आलेला मोठा साठा. शिवाय आरएक्स कार्डं बनवणाऱ्या एएमडीने ती पिढी नियमित ड्रायव्हरमधून बाजूला काढली आहे. एनव्हिडियानेही जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेचे नियमित गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले, म्हणून कोणी स्वस्तात १०६० देतो म्हणाला तरी मोह टाळा.

इंटेलचं आर्क ए३८० कागदावर आकर्षक वाटतं, पण इंटेल स्वतःच त्यासाठी रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) असलेला नवा बोर्ड मागतं. चौथ्या पिढीच्या मशीनवर नको.

सेकंडहँडच घ्यायचं असेल तर जीटीएक्स १६६० सुपर. १२५ वॉट, ६ जीबी, पूर्ण १६ लेन, आणि नुसत्या फ्रेमच्या हिशेबात ते ३०५० च्या ६ जीबी मॉडेलपेक्षा पुढे आहे. पण सप्लाय बदलणं मग सक्तीचं, आणि वॉरंटी बहुधा संपलेली. ओळखीच्या माणसाकडून मिळत असेल तर जरूर बघा. कार्ड हातात आलं की पाठीमागचे स्क्रू बघा: डोकी घासलेली असतील तर ते उघडलेलं आहे. कडेने तेलकट ओघळ दिसत असेल तर थर्मल पॅड पाझरलेत, म्हणजे कार्ड बराच काळ गरम राहिलंय. पंखे बोटाने हळूच फिरवा, खरखर नको. मग कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर चालवा. नाव बदललेल्या खोट्या कार्डांपुढे ते बऱ्याचदा थेट ‘फेक’ असं दाखवतं. अर्धा तास लोड देऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. विक्रेता त्याला तयार नसेल तर तिथून निघा.

नवं कार्ड घेताना दुकानात नुसतं ‘३०५०’ म्हणू नका. त्याच नावाचं ८ जीबीचं कार्डही आहे, ते १३० वॉटचं आणि केबल लागणारं. ६ जीबी म्हणा आणि बॉक्सवरचा फोटो बघून वरच्या कडेला पॉवरचं सॉकेट नाही याची खात्री करा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी भारतातली आहे का ते विचारा. टिळक रोड, सदाशिव पेठ भागात दोन-तीन दुकानांत भाव विचारले तर फरक दिसतो, ऑनलाइन भाव फोनवर उघडा ठेवा. आणि एक गोष्ट बोलून ठेवा: बोर्डवर चित्रच आलं नाही तर कार्ड परत घेणार का. जुन्या बोर्डांच्या बायोसवर (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डमधल्याच सॉफ्टवेअरवर) नवी कार्डं कधीकधी सुरूच होत नाहीत. त्यासाठी जुनं कार्ड काढण्याआधीच बोर्डच्या कंपनीच्या साइटवरून शेवटचं बायोस टाकून घ्या, आणि ते काम यूपीएसवर करा. गुरुवारी तर मुळीच करू नका, पुण्यात त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

मॉनिटरचं राहिलं. नव्या कार्डांना व्हीजीए नसतं. तुमच्या मॉनिटरला डीव्हीआय आहे, मग एचडीएमआय ते डीव्हीआय अशी साधी केबल घ्या, १०८०पी ला काही अडचण नाही. व्हीजीएच वापरायचं ठरवलं तर आत चिप असलेला अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो आणि चित्रही जरा मऊ येतं.

रॅम १६ जीबी करा. दोन स्लॉट असतील आणि ४-४ च्या दोन पट्ट्या लागलेल्या असतील तर त्या काढून ८-८ च्या घ्याव्या लागतील. डीडीआर३ नवी घेऊ नका, पुढच्या मशीनला ती चालणार नाही. वापरलेली पुरे, चाचणी करून घ्या. विंडोज अजून हार्ड डिस्कवरच असेल तर तुमच्या रोजच्या वापरात साटा एसएसडीने कार्डापेक्षाही जास्त फरक पडेल.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. म्हणूनही या डब्यात फार पैसे गाडू नका. कार्ड, सप्लाय आणि एसएसडी उद्या नव्या बोर्डवर जातील, त्यावर खर्च करा. आय७-४७७० स्वस्तात मिळाला तर याच सॉकेटवर बसतो, पण त्यासाठी वेगळं बजेट काढू नका.

साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. ७० वॉटचं कार्ड त्यावर निभावून जाईल, बॅटरी मात्र दोन-तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर बदला. आणि कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात असेल तर बाहेर काढा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, त्या कप्प्यात कार्ड आपलीच गरम हवा पुन्हा ओढत बसतं.

स्टिकरवरचा +१२ व्होल्टचा आकडा, बोर्डचं पूर्ण मॉडेल आणि कॅबिनेटमधली स्लॉटपासून हार्ड डिस्कच्या खणापर्यंतची जागा मोजून इथे लिहा. एक पंख्याचं मॉडेल घ्यायचं की दोन, ते त्यावरून सांगतो.