मिठागरावर पीएचडी करायची म्हणते, पोट भरेल का?

भांडुप गावातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते लिहितात: "आम्ही आगरी. माझे वडील मिठागरात राबले, आता थकले आहेत. मी बेस्टमध्ये वाहक आहे, चार वर्षांनी निवृत्त होईन. मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय समाजशास्त्र. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिने मिठागर कामगारांवर लिहिलं आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय, पर्यावरणाचं समाजशास्त्र आणि जमिनीचं व्यवस्थापन यात पीएचडी करणार, प्राध्यापक होणार. असा विषय खरंच असतो का? यात पोट भरतं का? मी म्हणतो एमपीएससी कर, नाहीतर बी.एड. कर. शिवाय संशोधन म्हणजे गावोगाव एकटीने फिरणं आलं. धाकटा अकरावीला आहे. काय करावं?"

नमस्कार,

विषय असतो, आणि त्याची मुळं तुमच्याच शहरात आहेत. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि कामाने नगररचनाकार. माणसं, त्यांचं काम आणि त्यांच्या पायाखालची जमीन हे तिन्ही एकत्रच अभ्यासायला हवं, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्यानंतर विभाग गो. स. घुर्ये यांच्याकडे आला. घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी पुढे जाई निंबकर यांच्यासोबत कोयना धरणग्रस्तांचं सर्वेक्षण केलं, ते १९६९ साली प्रसिद्ध झालं. अमेरिकेत कॅटन आणि डनलॅप या दोन समाजशास्त्रज्ञांनी पर्यावरणीय समाजशास्त्राची स्वतंत्र मांडणी केली ती १९७८ साली. तेव्हा मुलगी भलतंच काही काढून बसली आहे, हे मनातून काढून टाका.

जमिनीचं व्यवस्थापन हा मात्र आपल्याकडे विखुरलेला विषय आहे. त्याचा थोडा भाग भूगोलात, थोडा नगररचनेत, थोडा कायद्यात आणि बराचसा कृषी विद्यापीठांत आहे. मातीचं सर्वेक्षण आणि जमीन वापराचं नियोजन यासाठी नागपूरला राष्ट्रीय ब्युरो आहे, पण तिथलं काम मृदाशास्त्राचं. बी.ए. समाजशास्त्र करून त्या दारातून आत जाता येत नाही. म्हणून माझं ठाम मत असं की एम.ए. समाजशास्त्रातच करावं किंवा त्याच्या अगदी जवळच्या विषयात, आणि जमीन हे आपलं खास क्षेत्र ठेवावं. कारण व्यवहाराचं आहे. कॉलेजातल्या जागेची जाहिरात 'समाजशास्त्र' म्हणून निघते, नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा पेपर समाजशास्त्राचा असतो. लांबलचक, आकर्षक नावाची पदवी घेतलेली मुलं पुढे अर्जाच्या छाननीत 'संबंधित विषय' या अटीवर अडकतात.

आता तिच्या मिठागराकडे येते, कारण या विषयाचं सगळं मर्म तिथे आहे.

कांजूरमार्गची १०२ एकर जमीन २०२० साली मेट्रोच्या कारशेडसाठी दिली गेली, तेव्हा केंद्र सरकारने मीठ आयुक्तांच्या वतीने ती आपली असल्याचं सांगितलं. राज्य म्हणत होतं, आमची. डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ते हस्तांतरण स्थगित केलं. पुढे २०२४ साली मुलुंड, भांडुप आणि कांजूरच्या पट्ट्यातली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी घ्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने केला. हे तुम्ही बातम्यांत वाचलं असेल, कदाचित बसमध्ये त्यावरच्या गप्पाही ऐकल्या असतील.

यातला एक कागद जवळून बघू. सातबाऱ्याच्या गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते असतं आणि शेजारी 'इतर हक्क' असा रकाना असतो, त्यात कुळाचं नाव, बोजा वगैरे चढतं. नमुना बारामध्ये पीक. शहरात सिटी सर्वे झाला की त्याची जागा मालमत्ता पत्रक घेतं. आता तुमच्या वडिलांचं नाव यातल्या कुठल्या रकान्यात येईल? कुठल्याच नाही. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध सांभाळायचे, कडक उन्हात मीठ ओढायचं, हे ज्यांनी आयुष्यभर केलं त्यांचा त्या जमिनीशी असलेला संबंध मालकीच्या कागदावर उमटतच नाही. मग जमिनीचा वापर बदलतो तेव्हा भरपाई कोणाला, पुनर्वसन कोणाचं, बैठकीला बोलावणं कोणाला, हे सगळं त्या रकान्यांवरून ठरतं. तुमची मुलगी नेमकं इथे बोट ठेवते आहे. हा समाजशास्त्राचा भाग झाला.

दुसरा भाग जमिनीचा. ती जागा खाडीच्या काठची, सखल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. असा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाणी पसरायला सखल मोकळी जागा लागते, आणि मिठागरं तशी जागा आहेत. शेजारी कांदळवनं आहेत, सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणाऱ्या नियमांची रेषा आहे. तिथे किती बांधकाम झेपेल, पाणी कुठून जाईल, हे नकाशा आणि चढउताराचे आकडे वाचता आल्याशिवाय बोलता येत नाही. या विषयात येणाऱ्या बहुतेक मुलांना यातली एकच बाजू येते. समाजशास्त्रवाल्याला नकाशा वाचता येत नाही आणि नकाशावाल्याला माणसांशी बोलता येत नाही. तुमच्या मुलीला दोन्ही आलं, आणि वर मराठीतला फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंद, वाचता आला, आगरी बोलीत म्हाताऱ्या माणसाशी बसून बोलता आलं, तर परदेशातून शिकून आलेल्या अभ्यासकालाही तिची मदत घ्यावी लागेल. हे मी तिला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. जमिनीच्या अभ्यासात अशा माणसांची खरोखर वानवा आहे.

म्हणून कुठलाही फॉर्म भरण्याआधी तिला एक काम सांगा. भांडुप किंवा कांजूरचा मिठागराचा एकच सर्वे नंबर निवडायचा. त्याचे आज मिळतील ते उतारे महाभूलेखच्या साइटवरून, सिटी सर्वे ऑफिसातून आणि तहसील कचेरीतून काढायचे, जुने फेरफार मिळतात का बघायचं. मुंबईच्या विकास आराखडा २०३४ मध्ये ती जागा कशासाठी दाखवली आहे ते शोधायचं. क्यूजीआयएस नावाचं नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हे सगळं एकावर एक ठेवायचं. आणि मग आजोबांना त्याच जागेबद्दल विचारायचं. बांध कुठून कुठवर होता, पाणी कुठल्या बाजूने घ्यायचे, त्या तुकड्यांना नावं काय होती, मुकादम कोण, मजुरी कशी ठरायची. त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करायचं, आणि हे आत्ताच करायचं, पदवीची वाट बघत थांबायचं नाही.

कचेरीत खेटे घालावे लागतील, कारकून उद्या या म्हणतील, आजोबांचं सांगणं आणि कागद जुळणार नाही. या न जुळण्यात तिला रस वाटला, रात्री बसून दोन्ही पुन्हा ताडून बघावंसं वाटलं, तर ती संशोधक होऊ शकते. कंटाळा आला तर तेही लवकर कळलेलं बरं. पर्यावरणाबद्दल तळमळ असणं आणि त्याचा अभ्यास करण्याचा पिंड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तळमळ असलेल्यांसाठी संस्थांमध्ये, वकिलीत, पत्रकारितेत चांगली कामं आहेत.

शिक्षणासाठी मुंबई सोडायची गरज नाही. कलिन्याला विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग आहे, फी परवडणारी आहे, रोज घरून जाता येईल. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, तिथल्या हॅबिटॅट स्टडीज विभागात पाणी, शहर, हवामान बदल यांवरचे अभ्यासक्रम चालतात आणि प्रवेश सीयूईटी पीजी या परीक्षेतून होतो. तिचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, परीक्षा मार्चच्या सुमारास असते. ही तारीख चुकली की वर्ष गेलं, तेव्हा हे आत्ताच भिंतीवर लिहून ठेवा. टाटाची फी विद्यापीठापेक्षा बरीच जास्त आहे, शिष्यवृत्तीची चौकशी आधी करा. पीएचडीच्या वेळी पवईच्या आयआयटीतला मानव्य आणि सामाजिक शास्त्रांचा विभाग, तसंच तिथलं ग्रामीण तंत्रज्ञानाचं सितारा केंद्र, हेही पर्याय आहेत. बंगळुरूची अत्री ही पर्यावरण संशोधन संस्थाही याच वाटेवरची, पण ते पुढचं पुढे.

पैशांचं आता स्पष्ट बोलू, कारण तुमच्या निवृत्तीला चारच वर्षं आहेत.

एम.ए.ची दोन वर्षं धरा. पीएचडीला नियमाने किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, फिल्डवर्क असलेल्या विषयात चार-पाच लागतातच. म्हणजे तुम्ही निवृत्त व्हाल तेव्हा तिची पीएचडी अजून चालूच असेल. म्हणून घरात एक नियम करा: फेलोशिप असेल तरच पीएचडी. नेट परीक्षा वर्षातून दोनदा होते. त्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळालं तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढची तीन वर्षं ४२,००० रुपये, घरभाडं भत्ता वेगळा. जेआरएफसाठी वयाची अट ३० वर्षांची आहे, मुलींना आणि ओबीसींना पाच वर्षांची सवलत आहे. तुम्ही ओबीसी आहात, तेव्हा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची पीएचडी फेलोशिपही आहे, पण त्याची जाहिरात दरवर्षी ठरल्या वेळी येईल या भरवशावर राहू नका. नॉन क्रीमीलेअर दाखला मुदतीत नूतनीकरण करून ठेवा. ऐन वेळी दाखल्यापायी संधी गेलेली मुलं मी खूप पाहते.

प्राध्यापकीचं चित्र मात्र गोड करून सांगणार नाही. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, वर भत्ते. पण अनुदानित कॉलेजांतल्या कायम जागा फार थोड्या निघतात आणि नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली कितीतरी मुलंमुली वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. त्या पैशात घर चालत नाही. हे तिलाही माहीत असू द्या. म्हणून 'फक्त प्राध्यापकी' असं डोक्यात न ठेवता तिने हाताशी दुसरं कौशल्य ठेवावं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचं मूल्यमापन करायला लावलं आहे, ते करणाऱ्या संस्थांना सर्वेक्षण येणारी माणसं लागतात. पुनर्वसनाच्या प्रकल्पांत, पाणलोटावर काम करणाऱ्या संस्थांत, वनहक्काच्या कामात जमिनीचे कागद आणि नकाशा जाणणाऱ्याला काम मिळतं. पगार सरकारी नाहीत, पण एम.ए. झाल्या झाल्या कमाई सुरू होऊ शकते, आणि दोन वर्षं असं काम करून मग पीएचडीला गेलेली मुलं प्रश्नही चांगला घेऊन जातात. तुमच्या घरासाठी मला ही वाट जास्त योग्य वाटते: एम.ए., त्यातच नेटची तयारी, जेआरएफ मिळालं तर सरळ पीएचडी, नाही मिळालं तर दोन वर्षं नोकरी आणि नोकरी करता करता पुन्हा प्रयत्न.

एमपीएससीला माझा विरोध नाही. महसूल खात्यात जमीन समजणारा अधिकारी असणं किती मोलाचं आहे, हे कचेरीत गेलेल्या कुणालाही कळतं. पण ती तुमच्या आग्रहाखातर अर्ध्या मनाने त्यात उतरली, तर तीन-चार वर्षं जातील आणि हातात काहीच उरणार नाही. एकाच वेळी दोन्ही तर मुळीच नको. बी.एड.चंही तेच. शाळेत शिकवायची ओढ असेल तर जरूर करावं, नुसता आधार म्हणून दोन वर्षं घालवू नयेत.

आणखी एक अडचण, जी तिला कोणी सांगणार नाही. ती घरची पोर आहे. गावकीतली माणसं तिच्याशी मोकळेपणाने बोलतील, पण भाऊबंदकीतल्या जमिनीच्या भांडणात प्रत्येकजण तिला आपल्या बाजूला ओढेल. उद्या तिने जे दिसलं ते लिहिलं आणि ते कुणा काकाला रुचलं नाही, तर दार तुमचं वाजेल. त्या वेळी तुम्ही तिच्या पाठीशी उभं राहायला हवं. तिनेही नावं न छापणं, सांगितलेलं परत वाचून दाखवणं, ज्यांच्याकडून घेतलं त्यांना मराठीत लिहून परत देणं हे पहिल्या दिवसापासून पाळावं.

राहिला एकटीने फिरण्याचा प्रश्न. तुमची काळजी रास्त आहे. पण तिचं काम मुलुंड ते वडाळा या पट्ट्यात, फार तर उरण-पेणपर्यंत असेल, आणि ते बहुतेक दिवसाउजेडी होतं. गाइड निवडताना तिने त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींना भेटून विचारावं, की मॅडम किंवा सर स्वतः फिल्डवर येतात का, सुरुवातीला सोबत कोण असतं, अडचण आली तर फोन उचलतात का. जिथे या प्रश्नांची उत्तरं नीट मिळत नाहीत तिथे नाव कितीही मोठं असलं तरी जाऊ नये. आणि पहिल्या काही वेळा मिठागरावर जाताना तुमच्या सुट्टीच्या दिवशी तुम्हीच तिच्यासोबत जा. तिथल्या जुन्या माणसांना तुम्ही ओळखता, त्यांच्याशी तिची ओळख तुम्ही करून दिलीत तर पुढे ती एकटी गेली तरी त्यांचं तिच्याकडे लक्ष राहील.