थरथर चाकांची की इंजिनाची? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे 2006 सालची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. गाडी 1,12,000 किलोमीटर चालली आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिची पुनर्नोंदणीही करून घेतली असल्यामुळे आणखी काही वर्षे ती वापरण्याचा विचार आहे. गेल्या आठ महिन्यांपासून पाचव्या गिअरमध्ये ताशी 80 किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंग, सीट आणि पायाखालचा पत्रा यांना बारीक पण सलग थरथर जाणवते. आतला आरसा इतका थरथरतो की मागच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही. वेग 95 पर्यंत नेला की थरथर जवळजवळ नाहीशी होते. चारही चाकांचे बॅलन्सिंग दोनदा झाले, अलाइनमेंट झाले, पुढचे दोन टायर नवे घातले आणि शेवटी डाव्या बाजूचा ड्राइव्ह शाफ्टही बदलला, तरी फरक नाही. कसारा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये 45-50 च्या वेगालाही अगदी अशीच थरथर येते. क्लच प्लेट साधारण आठ महिन्यांपूर्वीच बदलली होती. आता गॅरेजमध्ये इंजिन उघडण्याचा सल्ला मिळतो आहे. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : इंजिन उघडू नका. आपल्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य कसारा घाटाचे आहे. ते गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी कोणी नीट ऐकले असते, तर टायर आणि ड्राइव्ह शाफ्ट यांच्यावरचा खर्च वाचला असता.

फिरणाऱ्या वस्तूमुळे होणारी थरथर त्या वस्तूच्या फेऱ्यांशी बांधलेली असते. आपल्या गाडीच्या आकाराच्या टायरचा घेर साधारण पावणेदोन मीटर असतो, म्हणजे ताशी 80 किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे 13 फेऱ्या घेते. पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टही चाकाइतकाच फिरतो. दोष या दोहोंपैकी कशात असता, तर 47 च्या वेगाला, म्हणजे चाक सेकंदाला जेमतेम साडेसात फेऱ्या घेत असताना, हुबेहूब तीच थरथर आली नसती. अशा हॅचबॅकचे नेहमीचे गिअर धरून हिशेब केला, तर पाचव्यात 80 ला आणि तिसऱ्यात 47-48 ला इंजिन सारख्याच गतीने, मिनिटाला सुमारे 2,400 फेऱ्या, फिरत असते. दोन्ही वेळी समान असलेली गोष्ट ती एवढीच. तेव्हा थरथरीचा धागा इंजिनापासून क्लचपर्यंतच्या भागाला जोडलेला आहे, चाकांना नाही.

आपण दिलेली दुसरी खूणही तितकीच महत्त्वाची आहे : 95 ला थरथर विरते. एखादा फिरणारा भाग असंतुलित असेल, तर त्याचा धक्का गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 2,000 फेऱ्यांना जेवढा, त्याच्या चौपट 4,000 ला. 95 ला इंजिन साधारण 2,850 फेऱ्यांनी फिरते, आणि असा दोष तिथे गुपचूप निघून जात नाही. ठरावीक पट्ट्यातच येऊन पुढे ओसरणारी थरथर ही बहुधा अनुनादाची असते. झोक्याला त्याच्या लयीत दिलेला हलका धक्काही त्याला उंच नेतो आणि लय चुकली की तोच धक्का वाया जातो. चार सिलिंडरच्या सरळ रांगेतल्या इंजिनात, ते पूर्ण निरोगी असले तरी, प्रत्येक फेरीला दोन धक्के बसतातच. दर फेरीला दोन सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटते आणि पिस्टनच्या वरखाली होण्यातून उरणारा असमतोलही फेरीच्या दुप्पट गतीचाच असतो. या उरलेल्या असमतोलासाठी फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दुप्पट गतीने फिरणाऱ्या दोन तोल-दांड्यांची युक्ती काढली होती, पण लहान गाड्यांत तो खर्च सहसा करत नाहीत. तिथे हे धक्के आतच जिरवण्याचे काम रबरी माउंटिंगवर, ज्याला आपले मेकॅनिक इंजिन फाउंडेशन म्हणतात, आणि सायलेन्सरच्या रबरी कड्यांवर सोपवलेले असते. 2,400 फेऱ्यांना हे धक्के सेकंदाला 80 होतात. ते पूर्वीही होते. पूर्वी ते बॉडीपर्यंत पोहोचत नव्हते, आता पोहोचतात. म्हणून मी धक्क्याचा उगम शोधण्याआधी त्याची वाट शोधेन.

तरीही अंदाजावर विसंबू नये. सपाट जागी गाडी उभी करावी, हँडब्रेक ओढून न्यूट्रलमध्ये इंजिन सावकाश 2,000 वरून 3,000 पर्यंत न्यावे. त्याच पट्ट्यात थरथर आली, तर टायर, बेअरिंग आणि ड्राइव्ह शाफ्ट यांचा विषय कायमचा मिटतो. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसल्यामुळे थरथर थोडी कमी वाटेल, त्याने गोंधळू नये. मग तीच गती ठेवून क्लच पूर्ण दाबावा. थरथर बदलली, तर क्लच प्लेट किंवा गिअरबॉक्सच्या आत शिरणारा शाफ्ट संशयित ठरतो. बदलली नाही, तरी क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट निर्दोष ठरत नाही, कारण ती फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाला, बोल्टने घट्ट बसवलेली असते आणि क्लच दाबला तरी इंजिनाबरोबर फिरतच राहते. हा बारकावा भल्याभल्या मेकॅनिकच्या नजरेतून सुटतो.

त्यानंतर बाहेरचा बेल्ट. इंजिन थंड असताना अल्टरनेटर आणि एसीचा बेल्ट काढून इंजिन पुन्हा त्या गतीला न्यावे. थरथर गेली, तर दोष एखाद्या पुलीत, अल्टरनेटरच्या बेअरिंगमध्ये किंवा कॉम्प्रेसरमध्ये आहे. मात्र पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही याच बेल्टवर चालतो, त्यामुळे ही चाचणी मिनिटाच्या आत उरकावी. टायमिंग बेल्टला मात्र हात लावू नये. बेल्ट निघालेलाच आहे तर क्रँकची पुली पाहून घ्यावी. अनेक इंजिनांत ती एकसंध नसते. मधला तुंबा आणि बाहेरची कडा यांच्यामध्ये रबराचे कडे असते आणि वीस वर्षांत ते सुटू शकते. तुंब्यापासून कडेपर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढावी, बेल्ट चढवून चार-आठ दिवस गाडी चालवावी आणि पुन्हा पाहावे. रेघ मध्येच तुटून दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर पुली बदलण्यावाचून इलाज नाही.

एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल, म्हणजे नीट पेटत नसेल, तर त्याची थरथर वेगळी असते. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणून एकच आजारी असेल तर 2,400 ला सेकंदाला 20 जाड ठोके बसतात, बारीक गुणगुण होत नाही. आपण 'बारीक पण सलग' असे लिहिले आहे, त्यामुळे मी या शक्यतेला मागे ठेवतो. आजकाल मोबाइलवर कंपने मोजणारी ॲप्स मिळतात, आणि ती उपयोगीही आहेत; पण सेकंदाला 100 नोंदी घेणारा फोन 50 च्या वरची कंपने खरी दाखवू शकत नाही. त्यात 80 चे कंपन 20 चे म्हणून उमटू शकते, आणि मग मिसिंग समजून प्लग, कॉइल, इंजेक्टर असे एकेक बदलत बसण्याची वेळ येते. नोंदींचा वेग 200 हून बराच जास्त ठेवता येत असेल, तरच त्या आकड्यावर विश्वास ठेवावा.

आता क्लचच्या कामाबद्दल. क्लच प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यासाठी एक-दोन माउंटिंग सोडावी लागतात, इंजिनाला जॅकचा आधार द्यावा लागतो आणि बहुधा सायलेन्सरचा पुढचा नळही सोडावा लागतो. परत जोडताना घाईत बोल्ट आवळले, तर इंजिन किंचित तिरके बसते, रबर एका बाजूला दाबलेल्या अवस्थेत घट्ट होते आणि नळ बॉडीच्या एखाद्या आडव्या पट्टीला टेकतो. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या गाडीत हेच झाले होते. तिघा मेकॅनिकांनी इंजिनाला दोष दिला होता. शेवटी एका संध्याकाळी गाडी खड्ड्यावर घेऊन मी बॅटरीच्या उजेडात खालून सावकाश पाहत गेलो, तेव्हा सगळा पत्रा धुळीने आणि तेलाने काळा असताना नळाच्या वर एकाच जागी रुपयाएवढा चकचकीत डाग दिसला. त्या जागी नळ आणि पत्रा एकमेकांना घासत होते. नळाचे जोड सैल करून पुन्हा आवळायला वीस मिनिटे लागली.

आपणही थंड गाडीखाली असा चकचकीत डाग शोधावा. गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवरच असावी. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. नळ आणि बॉडी यांच्यामधून जुन्या पुठ्ठ्याची पट्टी सर्वत्र सरकवून पाहावी. जिथे ती अडकेल तिथे थांबावे. तापल्यावर नळ लांबीने वाढतो, तेव्हा थंड असताना केसभर फट असणेही पुरेसे नाही. मग सायलेन्सरची सगळी रबरी कडी आणि इंजिनाची माउंटिंग पाहावीत. रबराला भेग पडली असेल, ते धातूपासून सुटले असेल किंवा तेल भरलेल्या माउंटिंगमधून काळा ओघळ आला असेल, तर ते बदलावे. भेग नसेल, तर इंजिनाला लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्यावा, माउंटिंगचे बोल्ट न काढता फक्त सैल करावेत, इंजिन हाताने हलवून त्याला स्वतःची जागा घेऊ द्यावी आणि मग ते कंपनीने सांगितलेल्या टॉर्कनुसार, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरानेच, आवळावेत.

या चाचण्या आम्ही पत्रलेखकांना आधीच कळवल्या होत्या, आणि अंक छपाईला जाण्यापूर्वी त्यांचे उत्तर आले. न्यूट्रलमध्ये 2,300 ते 2,600 या पट्ट्यात थरथर आली, क्लच दाबून किंवा बेल्ट काढून ती बदलली नाही. पुढच्या नळाचा कंस वाकडा बसून आडव्या पट्टीला टेकलेला सापडला. तो सरळ केल्यावर आरसा स्थिर झाला असून सीटखाली थोडी थरथर शिल्लक आहे. उजव्या माउंटिंगच्या रबराला खालच्या बाजूने नखाएवढी भेग असल्याचेही त्यांनी लिहिले आहे. उरलेली थरथर त्या भेगेची आहे असे मला वाटते. ते माउंटिंग बदलावे, आणि बदलताना गाडीच्या कंपनीने नेमून दिलेलेच घ्यावे. बाजारातल्या स्वस्त माउंटिंगचे रबर पुष्कळदा जास्त कडक असते. ते टिकते, पण धक्का जिरवण्याऐवजी बॉडीत उतरवते, आणि नवा भाग घालूनही थरथर वाढली अशी तक्रार घेऊन लोक परत येतात.

प्रश्न : माझी जुनी छोटी गाडी तीन सिलिंडरची आहे. रस्त्यावर ती छान चालते, पण सिग्नलला एसी लावून उभी असताना दरवाजेसुद्धा थरथरतात. हा माउंटिंगचाच दोष समजावा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लगेच तसे समजू नये. 1983 साली आलेल्या मारुती 800 मध्ये 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन होते, त्यामुळे या रचनेची उभ्या गाडीतली थरथर आपल्याकडे घरोघरी ओळखीची आहे. तीन सिलिंडरमध्ये दर फेरीला दीडच धक्का बसतो. आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याची गती, मिनिटाला 800 फेऱ्यांचे असेल, तर सेकंदाला 20 धक्के होतात, चार सिलिंडरच्या इंजिनात मात्र तेवढ्याच गतीला सुमारे 27. धक्के जितके विरळ, तितके रबराला ते जिरवणे अवघड जाते. एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा भार पडतो, आणि तो पेलण्यासाठी इंजिनाने आपली गती टिकवायला किंवा किंचित वाढवायला हवी. तसे न होता गती 650 पर्यंत खाली येत असेल, तर धक्के आणखी विरळ होऊन दरवाजे थरथरणारच.

म्हणून एसी लावून आरपीएमचा काटा आधी पाहावा. काटा नसेल तर गॅरेजमध्ये गती मोजून घ्यावी. ती पडत असेल, तर थ्रॉटल बॉडी आणि आयडलिंगचा व्हॉल्व्ह काजळी काढून स्वच्छ करावा; कार्ब्युरेटरची गाडी असेल, तर एसीसाठी गती वाढवणारी व्हॅक्यूमची नळी चिरलेली नाही ना, हे पाहावे. त्यानंतर तिन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवावेत. दोन तपकिरी आणि एक काळा किंवा ओला निघाला, तर तो सिलिंडर नीट पेटत नाही. गती योग्य आहे आणि तिन्ही प्लग सारखे आहेत, असे दिसले तरच माउंटिंगकडे वळावे. त्याची सोपी परीक्षा अशी : एसी चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना, ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबून गती 1,000 च्या वर न्यावी. तेवढ्याने थरथर पूर्ण थांबली, तर आयडलिंगचे काम करून घ्यावे. थांबली नाही, तर बॉनेट उघडून प्रत्येक माउंटिंगवर आणि त्याच्या शेजारच्या बॉडीच्या पत्र्यावर आळीपाळीने हात ठेवून पाहावे. पट्टे आणि पंखा यांपासून बाह्या आणि बोटे दूर ठेवावीत. ज्या माउंटिंगच्या दोन्ही बाजूंना हाताला सारखीच थरथर लागेल, त्याच्या रबराने काम सोडलेले आहे.